जिव्हाळ्याची मजुरी

विद्यापीठ म्हटले की प्राध्यापक, ग्रंथालय आणि परीक्षा एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील विद्यापीठांत मात्र याशिवाय एक मोठा कारभार चालतो. त्याला तेथे 'स्टुडंट अफेअर्स' म्हणतात. आपण त्यास विद्यार्थी-व्यवहार विभाग म्हणू. वसतिगृहे, समुपदेशन, नव्या विद्यार्थ्यांना रुळविणे, शिस्तभंगाची प्रकरणे, विद्यार्थी संघटना, मध्यरात्री कोणी आजारी पडला किंवा जिवावर उदार झाला तर धावून जाणे, हे सारे या विभागाकडे असते. आपल्याकडील वसतिगृहाच्या रेक्टरबाई आणि विद्यार्थी कल्याण संचालक यांची कामे एकत्र करून त्यांचा स्वतंत्र पेशा बनविला, तर त्याचे स्वरूप साधारणतः असे होईल. या पेशात शिरण्यासाठी बहुधा पदव्युत्तर पदवी लागते. त्यात बहुसंख्या स्त्रियांची आहे, आणि कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकन, आशियाई व मूलनिवासी वंशाच्या स्त्रिया त्यात लक्षणीय प्रमाणात आहेत.

या सर्वांना मिळून अमेरिकेत जे नाव आहे त्याचा मराठी प्रतिशब्द 'गौरेतर स्त्रिया' असा करता येईल. हे नाव वरून लादलेले नाही. १९७७ साली ह्यूस्टन येथे राष्ट्रीय स्त्री परिषद भरली होती. आपला मसुदा घेऊन तेथे गेलेल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींना इतर अल्पसंख्य स्त्रिया येऊन मिळाल्या, आणि त्या एकजुटीतून हे नाव रूढ झाले. म्हणजे ते राजकीय नाव आहे, कातडीचे वर्णन नव्हे. ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण विद्यापीठांनी पुढे ते नाव घेतले आणि त्यातील राजकारण तेवढे गाळून टाकले.

या स्त्रियांच्या नोकरीतील अनुभवांविषयी आता पुष्कळ लिहिले जाते. बैठकीत त्यांना सहायक लिपिक समजले जाते. स्पष्ट बोलल्यास 'रागीट' ठरविले जाते. केसांच्या ठेवणीवरून टोमणे ऐकावे लागतात. हा शेवटचा छळ इतका सार्वत्रिक की २०१९ साली कॅलिफोर्नियाला केसांवरून भेदभाव करू नये असा स्वतंत्र कायदा करावा लागला. हे सर्व खरे आहे आणि संतापजनकही आहे. परंतु या लिखाणात बहुधा अपमानाचा हिशेब असतो, श्रमाचा नसतो. अपमान हा मनाचा विकार मानला की उपायही मनाचेच सुचतात : पूर्वग्रह-निर्मूलनाची प्रशिक्षणे, संवादाच्या कार्यशाळा आणि 'स्वतःची काळजी घ्या' असा उपदेश. वास्तविक प्रश्न कामाचा आहे. या स्त्रियांकडून एक विशिष्ट प्रकारचे काम घेतले जाते, त्यातून संस्थेला उत्पन्न मिळते, आणि ते काम नव्हेच, तो त्यांचा स्वभाव आहे, असे म्हणून त्याचे दाम दिले जात नाही.

हे समजून घेण्यासाठी जवळपास शंभर वर्षे मागे गेले पाहिजे. वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठ ही कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाची अग्रगण्य संस्था. तेथे १९२२ साली ल्यूसी डिग्ज स्लो यांची विद्यार्थिनींच्या अधिष्ठाता म्हणून नेमणूक झाली. या पदावर आलेल्या त्या हॉवर्डमधील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्या हॉवर्डच्याच पदवीधर होत्या, कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी त्यांनी घेतली होती, आणि १९१७ साली राष्ट्रीय टेनिस विजेतेपदही मिळविले होते. पद स्वीकारताना त्यांनी अटी घातल्या. त्यांपैकी एक अट अशी की आपण विद्यापीठाच्या आवारात राहणार नाही, स्वतःच्या घरी राहू. विद्यार्थिनींची अधिष्ठाता म्हणजे मुलींवर पहारा ठेवणारी वडीलधारी बाई नव्हे, तर शिक्षणशास्त्र जाणणारी तज्ज्ञ, अशी त्यांची भूमिका होती.

१९२६ साली मॉर्डेकाय जॉन्सन हे हॉवर्डचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीत त्या संस्थेची मोठी भरभराट झाली हे निर्विवाद आहे. पण याच काळात स्लो यांना अधिष्ठात्यांच्या मंडळातून बाहेर ठेवण्यात आले, समान दर्जाच्या पुरुषांहून त्यांचे वेतन कमी राहिले, आणि १९३०च्या दशकात त्यांनी आवारातच राहावयास यावे असा लकडा लागला. स्लो यांनी तो मानला नाही. त्यांच्या अखेरच्या आजारातही कामावर रुजू व्हा, नाही तर दुसरी नेमणूक करू, असा निरोप त्यांना गेला. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

येथे छळणारा गोरा नव्हता. तो वर्णद्वेषाविरुद्ध आयुष्यभर बोललेला, विद्वान, कृष्णवर्णीय पुढारी होता. तेव्हा खुर्चीवरील माणसाचा वर्ण बदलला की खुर्चीचा स्वभाव बदलतो, हा समज भाबडा म्हणावा लागेल. आवारात राहण्याचा आग्रह कशासाठी होता हेही पाहण्यासारखे आहे. आवारात राहणाऱ्या बाईला कामाचे तास नसतात. तिचे दार केव्हाही ठोठावता येते.

योगायोग असा की ज्या वर्षी स्लो वारल्या त्याच वर्षी, १९३७ साली, अमेरिकन शिक्षण परिषदेने विद्यार्थी-सेवेविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले. विद्यार्थ्याच्या केवळ बुद्धीचा नव्हे तर संपूर्ण व्यक्तिमत्त्वाचा विचार विद्यापीठाने करावा, असा त्याचा आशय होता. आजही या पेशातील लोक त्यास आपला मूलग्रंथ मानतात. तत्त्व उदात्त खरे. परंतु संपूर्ण विद्यार्थ्याची काळजी वाहायची तर कोणा एकीचे संपूर्ण आयुष्य त्यात खर्ची पडणार, आणि त्या खर्चाची नोंद कोणत्या खात्यावर करायची, हा प्रश्न निवेदनाबाहेरच राहिला. पुढे महाविद्यालयांनी स्त्री-पुरुष विद्यार्थ्यांचे वेगळे अधिष्ठाते काढून एकच विद्यार्थी-अधिष्ठाता नेमण्यास सुरुवात केली, तेव्हा ती एकत्रित पदे बहुतेक ठिकाणी पुरुषांकडे गेली. समतेच्या नावाने स्त्रियांच्या हाताशी होते तेवढे अधिकारपद गेले. काम मात्र खालच्या पायरीवर त्यांच्याकडेच राहिले.

गौरेतर स्त्रिया या पेशात मोठ्या संख्येने आल्या त्या कोणाच्या औदार्यामुळे नव्हे. नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ या काळात सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयात कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिन व मूलनिवासी विद्यार्थ्यांनी एकजुटीने संप केला. शिक्षकांची संघटनाही त्यात उतरली. १९६९ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा ताबा कृष्णवर्णीय आणि प्युर्टोरिकन विद्यार्थ्यांनी घेतला, आणि १९७० पासून तेथील शहर विद्यापीठाने शालान्त झालेल्या प्रत्येकासाठी दारे उघडली. दारे उघडली तेव्हा आत येणाऱ्यांना धरून ठेवणारे हातही हवे होते. घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलामुलींना अर्ज, कर्ज, अभ्यासक्रम आणि एकटेपणा यांतून पार नेण्यासाठी समुपदेशक, मार्गदर्शक, वसतिगृह-संचालक नेमले गेले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील नोकरीविषयक संरक्षण शैक्षणिक कर्मचाऱ्यांना लागू नव्हते. ती पळवाट १९७२ साली बंद झाली, याचाही उपयोग झाला. परंतु न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आल्यावर, १८४७ पासून चालत आलेले मोफत शिक्षण १९७६ साली संपविण्यात आले. ज्यांच्यासाठी दारे नुकतीच उघडली होती त्यांच्यापुढे लगेच फीचे बिल ठेवले गेले. विद्यार्थी हा नागरिक होता, तो गिऱ्हाईक झाला. येथून पुढे विद्यार्थी-व्यवहार विभागाचे खरे अर्थशास्त्र सुरू होते.

ते अर्थशास्त्र असे. सरकारी अनुदान घटत गेले आणि विद्यापीठाचा तोल फीवर येऊन पडला. आता विद्यार्थी मध्येच शिक्षण सोडून गेला तर केवळ त्याचे नुकसान होत नाही, विद्यापीठाचे उत्पन्नही बुडते. २०२४-२५ साली अमेरिकेतील सरकारी चार वर्षीय महाविद्यालयांत राज्यातीलच विद्यार्थ्याची सरासरी वार्षिक फी ११,६१० डॉलर होती. समजा, एखाद्या समुपदेशिकेने वर्षाकाठी दहा विद्यार्थ्यांना शिक्षण सोडण्यापासून परावृत्त केले, तर १,१६,१०० डॉलरची फी संस्थेत टिकली. शिष्यवृत्त्या आणि सवलती वजा करा, रक्कम कमी भरेल. पण ती शून्य होणार नाही. आणि कोणते विद्यार्थी सोडून जाण्याच्या बेतात असतात? बहुधा गरीब आणि गौरेतर. ते कोणाकडे जातात? आपल्यासारख्या दिसणाऱ्या, आपली भाषा कळणाऱ्या बाईकडे. तिच्या नेमणूकपत्रात कदाचित 'वसतिगृहातील खोल्यांचे वाटप' एवढेच लिहिलेले असेल. रात्री अकरा वाजता दारात उभ्या राहिलेल्या मुलीला ती काय नेमणूकपत्र दाखवणार? स्पॅनिश येणाऱ्या बाईला विद्यार्थ्याच्या आईबापांसाठी दुभाषा म्हणून बोलावले जाते. प्रत्येक निवड समितीत एक गौरेतर चेहरा हवा म्हणून तिचे नाव घातले जाते. विद्यापीठात वर्णद्वेषाची घटना घडली की विद्यार्थ्यांचा क्षोभ शमविण्यासाठी तिलाच पुढे केले जाते. त्या घटनेची झळ तिलाही लागलेली असते, याची आठवण त्या वेळी कोणालाच राहत नाही.

आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ साली 'द मॅनेज्ड हार्ट' या ग्रंथात हवाई सुंदरींच्या नोकरीचा अभ्यास करून भावनांचे श्रम ही कल्पना मांडली. हसू हाही तेथे विकला जाणारा माल असतो, हे त्यांनी दाखविले. स्टॅनफर्डचे अमादो पाडिया यांनी १९९४ साली अल्पसंख्य अध्यापकांवर पडणाऱ्या जादा कामाला 'सांस्कृतिक कर' म्हटले. दोन्ही कल्पना मोलाच्या आहेत. परंतु कर हा शब्द पुरेसा नाही. कर सार्वजनिक तिजोरीत जातो. येथे बिनमोल श्रमाचे मोल संस्थेच्या उत्पन्नात जमा होते, आणि त्यास मार्क्सवादी परिभाषेत दुसरा, अधिक जुना शब्द आहे.

कायदा या बाबतीत काय करतो ते पाहावे. १९३८ च्या केंद्रीय कायद्यानुसार आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त काम केल्यास दीडपट मजुरी द्यावी लागते. पण प्रशासकीय वा व्यावसायिक स्वरूपाचे काम करणाऱ्यास ठरावीक मर्यादेहून अधिक पगार असेल, तर हे बंधन उरत नाही. २०१६ साली ओबामा सरकारने ही मर्यादा वर्षाला ४७,४७६ डॉलरपर्यंत वाढविण्याचे ठरविले. टेक्सासमधील न्यायालयाने अंमलबजावणीच्या तोंडावर ती रोखली. मर्यादा इतकी वाढवू नये असा आग्रह धरणाऱ्यांत विद्यापीठांच्या मनुष्यबळ-अधिकाऱ्यांची संघटनाही होती, हे नमूद करण्याजोगे आहे. ज्ञानाची मंदिरे मजुरीच्या प्रश्नावर गिरणीमालकांच्या रांगेत उभी राहतात ती अशी. २०२४ साली बायडेन सरकारने पुन्हा प्रयत्न केला. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टेक्सासमधील न्यायालयानेच तोही रद्द ठरविला आणि मर्यादा पुन्हा ३५,५६८ डॉलरवर आली. म्हणजे आठवड्याला ६८४ डॉलर. या पगारावर एखादी वसतिगृह-संचालिका आठवड्याला ६० तास राबली, तर तासाला ११ डॉलर ४० सेंट पडतात, तेही पदव्युत्तर पदवीनंतर, आणि त्या पदवीसाठी काढलेले कर्ज फेडत असताना. या पेशाच्या 'नॅस्पा' या संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात दहांपैकी आठांहून अधिक कर्मचाऱ्यांनी कामाच्या ताणाने माणूस खचून जातो असे सांगितले, आणि शिक्षण व अनुभवाच्या मानाने पगार तुटपुंजा आहे असे म्हणणारेही तितकेच होते. त्यावर संस्थांनी काय केले? पुष्कळ ठिकाणी मनःस्वास्थ्याच्या कार्यशाळा भरविल्या. त्याही बहुधा कामाचे तास संपल्यावर.

वसतिगृह-संचालिकेचे घर वसतिगृहातच असते. ती सवलत म्हणून सांगितली जाते. गिरणीमालकाच्या चाळीत राहिलेल्या कामगारांच्या पिढ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या सवलतीचा अर्थ सांगण्याची गरज नाही. नोकरी आणि छप्पर एकाच हातात असले की वरिष्ठाशी वाद घालण्यापूर्वी माणूस दहा वेळा विचार करतो. ल्यूसी स्लो यांनी ही गोष्ट १९२२ सालीच ओळखली होती.

आता एक अडचणीचा मुद्दा. डाव्या चळवळीत असे म्हणण्याची सवय आहे की कामगार संघटना मजबूत झाली की वर्णाचे आणि स्त्रीपणाचे प्रश्न आपोआप मार्गी लागतील. या सवयीला छेद देणारा एक खटला आहे. जनरल मोटर्सच्या सेंट लुइस येथील कारखान्यात १९६४ पूर्वी एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला काम मिळाले नव्हते. पुढे मंदीत ज्येष्ठतेनुसार कपात झाली. शेवटी आलेल्या प्रथम गेल्या. १९७० नंतर कामावर आलेल्या साऱ्या कृष्णवर्णीय स्त्रिया त्यात गेल्या. पाच जणी न्यायालयात गेल्या. १९७६ साली निकाल लागला तो असा की कंपनीने स्त्रिया नेमल्या होत्या, तेव्हा स्त्री म्हणून भेदभाव नाही. आणि दोन्ही गाऱ्हाणी एकत्र करून नवा हक्क मागता येणार नाही. नेमलेल्या स्त्रिया गोऱ्या होत्या, आणि कृष्णवर्णीय म्हणून कामावर होते ते पुरुष. किंबर्ली क्रेनशॉ या कायदेपंडित स्त्रीने १९८९ साली याच खटल्यावरून दाखवून दिले की दोन रस्त्यांच्या छेदावर उभी असलेली व्यक्ती कोणत्याच एका रस्त्याच्या कायद्यात बसत नाही. ज्येष्ठतेचा नियम हा कामगार चळवळीने झगडून मिळविलेला हक्क आहे. मालकाच्या लहरीविरुद्ध ती ढाल आहे. आणि तीच ढाल या स्त्रियांवर आदळली. हे मान्य करायला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. ज्यांना दारातच उशिरा घेतले गेले त्यांना रांगेच्या नियमाने न्याय कसा मिळणार?

समाजवादी परंपरेला तर हे नवे नसावे. मे १९६४ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांना मिसिसिपीतील जॅक्सन येथे गोऱ्यांसाठीच असलेल्या उपाहारगृहात प्रवेश नाकारला गेला आणि अटकही झाली. त्यांनी मांडलेल्या सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष विषमता आणि कातडीच्या रंगावरील विषमता या दोहोंना स्वतंत्र स्थान आहे. आर्थिक विषमतेचे उपकलम म्हणून ती येत नाहीत. स्वतंत्र लढे एकाच देहावर कसे येऊन मिळतात, हे मात्र गौरेतर स्त्रियांकडूनच शिकावे लागेल.

मिसुरी राज्यात लिंकन विद्यापीठ आहे. यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय पलटणींतील सैनिकांनी स्वतःच्या तुटपुंज्या पगारातून पैसे काढून १८६६ साली ते उभारले. जानेवारी २०२४ मध्ये तेथील विद्यार्थी-व्यवहार विभागाच्या उपाध्यक्ष असलेल्या कृष्णवर्णीय बाईंनी आत्महत्या केली. वरिष्ठांनी आपला छळ केला आणि मदत मागूनही मिळाली नाही, असे त्यांनी लिहून ठेवले होते. विद्यापीठाचे अध्यक्ष काही आठवडे रजेवर गेले. त्रयस्थ चौकशीत छळाचा आरोप सिद्ध होत नाही असा निष्कर्ष निघाला आणि ते मार्चमध्ये परत रुजू झाले. चौकशीचा निष्कर्ष मान्य केला तरीही एक गोष्ट उरतेच. या बाईंनी डॉक्टरेट मिळविली होती ती कृष्णवर्णीय स्त्रियांना वरिष्ठ प्रशासकीय पदांपर्यंत पोचताना काय आडवे येते याच विषयावर. इतरांच्या मुलांचे मनःस्वास्थ्य जपण्याचे खाते ज्यांच्याकडे होते त्यांचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी संस्थेत विश्वासाचे एकही दार नसावे, ही घटना वैयक्तिक शोकांतिका म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

आणि आता तर ही पदेच मोडीत निघत आहेत. टेक्सासने २०२३ साली सरकारी विद्यापीठांतील विविधता-कार्यालयांवर बंदी घालणारा कायदा केला. तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. ऑस्टिन येथील विद्यापीठाने त्या विभागाचे नाव बदलून पाहिले, कामे फिरवून पाहिली. एप्रिल २०२४ मध्ये विभागच बंद केला आणि सुमारे ६० जणांना नोकरीवरून काढले. फ्लोरिडा विद्यापीठाने १ मार्च २०२४ रोजी १३ पूर्णवेळ पदे रद्द केली. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारनेच ही मोहीम हाती घेतली आहे. उजव्यांचा दावा असा की ही पदे म्हणजे विचारसरणीचा प्रचार होता. काही पदे दिखाऊ होती हे कबूल करावे. नुसती परिपत्रके काढणारे अधिकारी तेथेही होते. पण दिखाऊ अधिकारी आणि रात्री दार उघडणारी समुपदेशिका यांत कायद्याने फरक केला नाही. पद गेले म्हणून दारातली मुलगी यायची थांबत नाही. ती आता दुसऱ्या एखाद्या गौरेतर कर्मचारिणीकडे जाईल, जिच्या नेमणूकपत्रात हे काम पूर्वी निदान आडवळणाने होते, ते आता लिहिणेही धोक्याचे झाले आहे. श्रम तेवढेच राहिले. त्यांचे नाव घेण्याची मनाई झाली.

म्हणून मागणी प्रतिनिधित्वापुरती ठेवून भागणार नाही. विद्यार्थ्यांना आधार देण्याचे काम नेमणूकपत्रात लिहिले जावे, त्याचे तास मोजले जावेत, समितीवरील काम बढतीत धरले जावे, घर नोकरीपासून वेगळे काढले जावे आणि रात्रीच्या पाळीला रात्रीच्या पाळीचा दर मिळावा. यात क्रांतिकारक असे काही नाही. सुतगिरणीतील बदली कामगारही एवढे मागतो. अडचण संघटनेची आहे. वसतिगृहांत सहायक म्हणून काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथे २००२ साली संघटना स्थापन केली. २०२२ मध्ये वेस्लियन विद्यापीठाने अशी संघटना स्वेच्छेने मान्य केली, आणि त्यानंतर इतरत्रही हे लोण पसरले. या विद्यार्थी-सहायकांच्या डोक्यावर असते ती वसतिगृह-संचालिका. ती सहायकांना कामे वाटून देते आणि त्यांच्यावर देखरेख ठेवते, म्हणून ती 'पर्यवेक्षक' ठरते. आणि १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने खाजगी क्षेत्रातील पर्यवेक्षकांना संघटनेच्या कायदेशीर संरक्षणातून वगळले आहे. तेव्हा विसाव्या वर्षीच्या विद्यार्थ्याला जे संरक्षण मिळते ते त्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या, त्याच्याहून अधिक रात्री जागणाऱ्या बाईला खाजगी विद्यापीठात मिळत नाही.